ओल्या गिलाव्यातली मी

आमच्या छोट्याशा चॅपेलच्या भिंती नव्याने रंगवायला चित्रकार आला आणि त्याचं जेवण पडलं माझ्या गळ्यात. कारण भिंतींना गिलावा करणारे मिस्त्री म्हणजे आमचे हे. मी कुरकुर केली नाही. एका भिंतीवर स्वर्ग येणार, संतिणींना गावातल्याच बायकांचे चेहरे असणार, असं कानावर आलं होतं. मग काय, त्याला रोज गरमगरम वाढलं आणि गावभर सांगून बसले, मी स्वर्गात जाणार!

रोज सकाळी हे भिंतीच्या थोड्याशाच भागावर चुन्याचा ओला गिलावा करून द्यायचे आणि तो वाळायच्या आत चित्रकार त्यावर रंगवायचा. रंग चुन्यातच मुरतो. चुकलं तर पुसायची सोय नाही, गिलावाच पाडावा लागतो.

स्वर्ग पुरा झाला तशी गावाला बघायला बोलावलं. मी ठेवणीतले कपडे घालून गेले आणि बघते तर काय! स्वर्गात माझी जाऊ, डोळे मिटून, अगदी सोज्वळ. आणि मी? समोरच्या अर्धवट भिंतीवर, नरकात! हातात हा एवढा झारा घेऊन ओरडतेय. खालची पाप्यांची कढई तेवढी व्हायची होती. जाऊबाईंना हसू आवरेना.

"मेल्या, माझ्याच हातचं खाऊन मला नरकात घातलंस?"

"काकू, 'आधी हात धू' म्हणून तुम्ही ओरडता ना, तसा चेहरा दुसरीकडे कुठे मिळणार?" चित्रकार म्हणाला.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी मेल्यावरही माझ्याकडे बोट दाखवून पोरांना भीती घालणार ही माणसं!

"अहो, घ्या हातोडी. पाडा तो गिलावा."

हे निमूट शिडी चढले. माझ्या नाकाला छन्नी टेकवली आणि तसेच उभे राहिले.

"मारा की!"

"नाही जमत गं," हे म्हणाले. "हा चेहरा रोज बघत आलोय. त्याच्यावर हातोडी कशी उचलू?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. पण मी बरी सोडते!

"मग मी तिथे एकटीच राहू?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी माझ्या चित्राखाली गिलावा केला, हात स्वच्छ धुतले आणि चित्रकारासमोर स्टुलावर जाऊन बसले.

आता कढईत गळ्यापर्यंत बुडालेले आमचे हे आहेत. मी वरून खेकसतेय आणि हा माणूस माझ्याकडे बघून हसतोय.