परक्या पेटीतला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. गोल, मनगटाएवढा जाड, दीड वीत लांब. वय विचारू नका, मोजणारे थकतात. धरणाची भिंत उभी करण्याआधी तिच्या पायाखालच्या खडकात यंत्राने खोल भोकं पाडतात. त्यांतून दगडाच्या अशा कांड्या निघतात. त्या खोलीच्या क्रमाने लाकडी पेट्यांत मांडतात. आमच्या पेट्या तपासणीला बडोद्यात, छाणीच्या एका शेडमध्ये आल्या. जिथे कांडी सलग, तिथे खडक घट्ट. जिथे काहीच हाती लागलं नाही, तिथे भेग असणार. तिच्यात दाबाने सिमेंटचा पातळ घोळ भरायचा, नाहीतर धरणाचं पाणी भिंतीखालून निसटतं.

म्हणजे पेटीतली रिकामी जागा हीच मोठी बातमी. आणि नेमकं तिथेच मला झोपवलं होतं.

हे काम भोकं पाडणाऱ्या संपतरावांचं. माणूस कष्टाळू, यंत्राच्या आवाजावरून खालचा खडक ओळखणारा. पण पेटी भरलेली दिसली की साहेब पाठ थोपटत, रिकामी दिसली की ‘दगड सांडलात’ म्हणत. संपतरावांनी काय ते ओळखलं, आणि चाचणीच्या कुठल्याशा जुन्या भोकातून निघालेला मी सतराव्या भोकाच्या पेटीत जाऊन बसलो. साहेब खूश. मी मात्र चार महिने शेजाऱ्यांना चिकटून पडलो, पण माझी कड कुणाच्याच कडेशी जुळली नाही.

मग बडोद्यातल्याच समा भागातल्या मोहनाताई आल्या, खडकांच्या जाणकार. सतराव्या भोकात सिमेंट भरायचं की नाही, यावर त्याच दिवशी त्यांची सही व्हायची होती. त्यांनी बाटलीतलं पाणी आमच्यावर ओतलं. ओल्या शेजाऱ्यांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, मी काळाकुळकुळीत.

“संपतराव, हा पाहुणा कुठला?”

“एकाच डोंगराचे सगळे, ताई. एटलुं तो चाले, एवढं तर चालतंच.”

“पंगतीत एक पान रिकामं दिसलं, तर रस्त्यावरचा माणूस आणून बसवता?”

संपतराव हातातला पाना फिरवत राहिले. “बोलणी मलाच खावी लागतात हो. खाली भेग आहे, ती काय मी पाडली?”

“नाही. झाकली मात्र तुम्ही.”

संपतरावांनी मला उचललं. माझ्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘दगड मिळाला नाही.’ ताईंनी ‘सिमेंट भरा’ असा शेरा मारून सही केली. पुढे कळलं, ते भोक दोन दिवस घोळ पीत होतं.

उरलो मी. माझ्या भोकाच्या पेट्या केव्हाच मोडल्या होत्या, अंगावर भोकाचा आकडा नव्हता. आता शेडचं दार आपटू नये म्हणून माझा टेकू लावतात. येणारेजाणारे पायाने सरकवतात.

मित्रांनो, जे हाती लागलं नाही त्याची जागा रिकामी ठेवा. आणि कुणाला त्याच्या जागेवरून उचलाल, तर तो कुठला एवढं तरी लिहून ठेवा. नंतर आठवत नाही. काल संपतराव खडू घेऊन माझ्याजवळ वाकले. पुष्कळ विचार करून त्यांनी लिहिलं, ‘ठाऊक नाही.’ माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.