उणे चाळीसची रंगीत तालीम

सोमवारी सकाळी तक्रारीचा कागद हातात पडला तेव्हा मी चक्क हसले. अकरा गाड्या, सगळ्या कडाक्याच्या थंडीच्या भागातल्या. सकाळी गाडी चालू केली की पहिलं अर्धं-पाऊण मिनिट तिच्या स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी म्हटलं, लोकांचीच झोप उडाली नसेल. त्या गाडीतल्या अॅम्प्लिफायरला मी स्वतः उणे चाळीस अंशांवर पास केलं होतं.

मग हसू मावळलं. त्या स्पीकरमधून नुसती गाणी वाजत नाहीत. गाडी मागे घेताना कुणी आडवं आलं तर जो टूं टूं इशारा होतो, तोही तिथूनच येतो. आणि तीच गाडी माझ्या लेकीकडे आहे. ती राहते तिथे हिवाळ्यात नळाचं पाणी गोठतं, आणि तिचा अडीच वर्षांचा मुलगा दिवसभर अंगणात लुडबुडत असतो. ती खरं तर दुसरीच गाडी घेणार होती. "आपला अॅम्प्लिफायर असलेली गाडी सोडून परकी कशाला?" म्हणून मीच हट्ट धरला होता.

माझं काम सोपं आहे. चाचणीखोलीत कपाटाएवढी एक पेटी आहे. संध्याकाळी तिच्यात सहा अॅम्प्लिफायर ठेवायचे, रात्रभर ते आत गोठतात, सकाळी बाहेरून बटण दाबून चालू करायचे आणि आवाज नीट येतो का ते नोंदवायचं. एकोणीस वर्षं मी हेच करतेय. माझ्या सहीशिवाय इथून नग हलत नाही आणि ही सही मी कुणाच्या घाईसाठी केलेली नाही. त्यामुळे मला बरेच जण खडूस म्हणतात. म्हणोत.

अॅम्प्लिफायरची रचना करणाऱ्याला आम्ही सर्किटवाला म्हणतो. तिशीचा, जरा घाबरट, पण हात नेमका. जुनी चिप काढून ही नवी चिप त्यानेच निवडली होती, म्हणून तक्रार येताच सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली. मोठ्या साहेबांनी शुक्रवार दुपारपर्यंतची मुदत दिली. कारण सापडलं तर ठीक, नाहीतर त्याने दुसरी नोकरी बघावी.

मंगळवारी सहाच्या सहा नग ठणठणीत वाजले. बुधवारीही वाजले. त्याने बॅटरीचा दाब कमी करून पाहिला, तारा बदलल्या, बाकावरच्या एका नगाच्या चिपवर गार फवारा मारला. चिप आपली खुशाल गात होती.

"ताई, हिचं माझ्याशीच काय वैर आहे?" तो म्हणाला. "गाडीत मुकी आणि इथं पोपट!"

"तुझ्या कामात काहीतरी खोट असेल," मी म्हटलं. माझ्या कामात असेल, हे मनातही आलं नाही.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. दर तासाला ते अंगण डोळ्यांसमोर यायचं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी लेकीला फोन लावला.

"काय गं, गाडी कशी आहे?"

"आहे बरी."

"सकाळी आवाज येतो ना नीट?"

"रेडिओ लागत नाही पहिल्यांदा. बंद करून परत चालू केली की लागतो. पहिल्यांदा रुसते, दुसऱ्यांदा बोलते. का गं?"

"आणि मागे घेतानाचा इशारा?"

"वाजत असेल. मी आता उतरूनच बघते मागे."

"रोज उतरून बघ. विसरू नकोस."

"नाही विसरत, आई," ती तुटकपणे म्हणाली. "ठेवते. कामात आहे."

इशारा आणि रेडिओ एकाच जागेतून येतात, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. कारण सापडलं की सांगू, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला धीरच झाला नाही.

डबा उघडून मी तशीच बसून राहिले. पहिल्यांदा रुसते, दुसऱ्यांदा बोलते. आमच्या खोलीत तर कधीच रुसत नव्हती. मग इथली पहिली वेळ कुणी ऐकली होती?

कुणीच नाही. मी उठून पेटीपाशी गेले. दारावर माझ्याच अक्षरातला कागद चिकटवलेला आहे: 'आधी रंगीत तालीम, मग चाचणी.' माझ्या पहिल्याच चाचणीत पेटीतली एक तार निसटली होती, रात्रभराचं गोठवणं वाया गेलं होतं आणि तेव्हाच्या साहेबांनी चारचौघांत माझी हजेरी घेतली होती. तेव्हापासून मी नियम केला. सकाळी आधी पाच मिनिटं सगळे नग चालू करायचे, दिवे लागले का, तारा जागेवर आहेत का तेवढं बघायचं, मग बंद करायचे. ही तालीम. तिच्यात आवाज ऐकायचा नाही, काही लिहायचं नाही. त्यानंतर पुन्हा चालू करायचे, ती खरी चाचणी. माझ्या या शिस्तीचं सगळे कौतुक करायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हाच कागद दाखवला जायचा.

पाच मिनिटं. पेटीतली हवा उणे चाळीस असली तरी तेवढ्या वेळात चिप आणि तिच्या शेजारचे भाग आतून ऊबदार होणारच. म्हणजे गोठलेला अॅम्प्लिफायर एकोणीस वर्षांत मी एकदाही ऐकलेला नव्हता.

त्या संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने सहा नग आत ठेवले. तारा तीनदा तपासल्या. कुणाला काही बोलले नाही. लेकीला पुन्हा फोन करायला दोनदा हात गेला, दोनदा मागे घेतला.

गुरुवारी सकाळी सर्किटवाला आला, सवयीने तालमीच्या बटणाकडे हात नेला.

"थांब," मी म्हटलं. "आज तालीम नाही. स्पीकर लाव आणि थेट चालू कर."

त्याने स्पीकर लावला. मग बटण दाबलं. सहाही दिवे लागले. आवाज नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत होते. दहा सेकंद. वीस. एवढ्या वेळात माझी लेक गाडी मागे घेऊन फाटकाबाहेर काढते. तीस. अडतिसाव्या सेकंदाला पहिला नग वाजला, मग एकेक करत बाकीचे.

"सापडलं!" तो ओरडला, आणि लगेच तारा जोडून कामाला लागला. दुपारपर्यंत त्याने कारण शोधून काढलं. चिपच्या शेजारी एक छोटा कपॅसिटर असतो, वीज साठवून गरज लागेल तेव्हा देणारा. थंडीत तो आळसावत होता. चालू होताना चिपला वीज पुरत नव्हती, म्हणून ती स्वतःला वाचवायला आवाज बंद करून बसत होती. थोडं गरम झालं की सगळं सुरळीत. दुसऱ्या जातीचा कपॅसिटर लावला की झालं.

मग त्याची नजर दारावरच्या कागदाकडे गेली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "म्हणजे हे आपल्याला आधीच दिसलं असतं."

"आपल्याला नाही. मला."

तो तारा गुंडाळायला लागला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी दुपारी माझ्यासमोर त्याने साहेबांना सगळं समजावलं, फक्त तालमीचा विषय काढला नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कपॅसिटरही तूच निवडलेला. मग प्रश्नच मिटला, दोष तुझाच."

खाली मान घालून गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. मला निवृत्तीला चौदा महिने उरलेत. एक क्षण, खोटं कशाला सांगू, मी गप्प बसलेही. सर्किटवाल्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही मिटला," मी म्हटलं. "त्याचा भाग चुकला, पण ती चूक पकडायलाच मी बसले आहे. मी आधी गरम करून मग थंडीची परीक्षा घेत होते." आणि तालमीचं सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "किती वर्षं?"

"एकोणीस."

"म्हणजे नग किती?"

"मी पास केलेले सगळे."

साहेब म्हणाले, "आजच गाडीवाल्या कंपनीला कळवा. मालकांना निरोप जाऊ दे, इशाऱ्यावर विसंबू नका म्हणून. जुन्या फायली काढा, सगळं परत गोठवा. तोवर तुमची सही चालणार नाही."

बाहेर येऊन मी जिन्यावरच बसले आणि लेकीला फोन लावला. या वेळी काही लपवलं नाही. इशाराही त्याच स्पीकरमधून येतो, थंडीत तो पहिलं पाऊण मिनिट वाजतच नाही, आणि हे मला आधीच कळायला हवं होतं, सगळं सांगितलं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"ऐकतेस ना?"

"म्हणजे तेव्हा तो वाजलाच नव्हता?"

"कधी?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. पोराची तीनचाकी सायकल गाडीच्या चाकाखाली गेली, आई. तो नुकताच उतरला होता. दोन पावलांवर उभा होता." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, इशारा वाजला आणि मीच ऐकला नाही. घरात कुणाला नाही सांगितलं. तेव्हापासून मी त्याला कडेवरसुद्धा घेतलेलं नाही. हात लावायची भीती वाटते."

मला रडू आवरेना, पण रडायची पाळी माझी नव्हती. मागे कुठेतरी तो तिला हाका मारत होता.

"तुझी चूक नव्हती," मी म्हटलं. "माझी होती. जा, आधी त्याला घे. मग मला काय बोलायचंय ते बोल."