उजवा गुडघा

सकाळपासून सिल्वँ तेसिएचा एक पाय घरात आणि एक अंगणात होता. टेबलावरचं सूप गार होऊन त्यावर चरबीची साय धरली होती. तोडलेला पावाचा तुकडा तोंडात घालायचंही त्याला सुचत नव्हतं. त्याची बायको पेरीन चुलीपाशी बसून त्याच्या काळ्या मोज्याला रफू करत होती, त्यामुळे हे गृहस्थ एका पायात मोजा आणि दुसरा पाय उघडा अशा अवतारात येरझारा घालत मनुष्यजातीच्या हक्कांवरचं भाषण घोकत होते.

"आईच्या पोटातून कोणी कमरेला तलवार लावून येत नाही..."

"मोजे घालूनही येत नाही," पेरीन म्हणाली. "बसा जरा. तुमच्या फेऱ्यांनी माझ्या डोळ्यांपुढे सुई नाचायला लागलीय."

बसवत असतं तर बसला असता बिचारा. राजाने कित्येक पिढ्यांनंतर प्रजेची गाऱ्हाणी मागवली होती, आणि त्यासाठी आज गावच्या चर्चमध्ये तिन्ही वर्गांची सभा होती. पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांचा, म्हणजे ज्यांच्या कष्टावर पहिले दोन जेवत त्यांचा. तिसऱ्याच्या वतीने सिल्वँ बोलणार होता. रिवाज असा की पहिल्या दोघांनी बसून, डोक्यावर टोपी ठेवून बोलावं, आणि तिसऱ्याच्या माणसाने टोपी काढून, एक गुडघा टेकून.

कॉफीच्या दुकानावरच्या माडीवर वाचनमंडळ भरे. स्वित्झर्लंडहून गवताच्या भाऱ्यांत लपवून आणलेली बंदी घातलेली पुस्तकं तिथे मोठ्याने वाचली जात, आणि सगळ्यांत मोठा आवाज सिल्वँचा. माणसं सारखीच असतात, सत्ता लोकांच्या संमतीने चालते, समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या लोकांनी हे नुसतं वाचलं नाही तर करून दाखवलं, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. तिथेच एकदा टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला, "मी बोलेन ते उभ्याने बोलेन!" टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्याचीच निवड झाली. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही "मी बोलतो" म्हटलं नाही. अशा वेळी सगळ्यांचे घसे नेमके बसलेले असतात.

आणि सभेचा अध्यक्ष कोण? मार्की द वाल्ब्रून, या मुलखाचा जहागीरदार. सिल्वँ वकिली करायचा ती त्याच मार्कीच्या कोर्टात. मार्कीने भुवई उचलली की उद्यापासून त्याच्यासाठी कोर्टाचं दार बंद.

"टेकलात गुडघा तर काय झिजणार आहे?" पेरीनने दात लावून दोरा तोडला. "दोन लेकी आहेत घरात. त्या काय समतेच्या भाकऱ्या खाणार?"

"पेरीन, टेकला तर मी त्या माडीवर पुन्हा तोंड दाखवू शकणार नाही."

"बरंच झालं. संध्याकाळी घरी तरी दिसाल."

हे ती म्हणाली खरी, पण मोजा चढवायला तिनेच मदत केली.

दारात फादर मोरेल उभे होते. ते गावचे पाद्री आणि सिल्वँचे रोजचे भांडखोर मित्र. झगा ठिकठिकाणी ठिगळं लावलेला, कारण पहिल्या वर्गातही लोणी बिशपांच्या ताटात आणि ताक गावच्या पाद्र्यांच्या.

"काय तेसिए, मनुष्यजात आज उपाशीपोटीच निघाली वाटतं?"

"फादर, तुमचा देव आज सरदारांच्या रांगेत बसणार आहे. त्याला सांगा, जरा सरकून बस."

"तो सरकेल हो. ते सरकणार नाहीत." फादर हसले, मग हळूच म्हणाले, "भीती वाटतेय का?"

"वाटतेय," सिल्वँ म्हणाला. फादरांपुढे त्याला खोटं बोलता येत नसे.

चर्च खचाखच भरलं होतं. ओल्या लोकरीचा आणि मेणबत्त्यांचा वास कोंदला होता. उजवीकडे धर्मगुरू, डावीकडे तुऱ्याच्या टोप्या घातलेले सरदार, मागे दाराच्या वाऱ्यात तिसरा वर्ग. वरच्या सज्जात बायका दाटीने उभ्या होत्या आणि त्यांत पेरीनही होती. मार्कीची उंच खुर्ची मांडली होती ती थेट वेदीसमोर.

सिल्वँचं नाव पुकारलं गेलं. तो मधल्या वाटेने चालू लागला. मनात एकच घोकणं चालू होतं: वाकायचं नाही, वाकायचं नाही. खांब मागे पडले, पायऱ्या आल्या, समोर वेदीवरचा दिवा दिसला, आणि त्याचा गुडघा टेकला.

त्याने टेकवला नाही. तो आपोआप टेकला. या चर्चमध्ये आईचं बोट धरून आला तेव्हापासून वेदीसमोर पोचलं की गुडघा टेकायचा, ही अंगवळणी पडलेली गोष्ट. पुस्तकं सगळी डोक्याने वाचली होती, गुडघ्यांनी एकही वाचलं नव्हतं.

सरदारांच्या बाजूला हसू फुटलं. मागे पाहायची सिल्वँची छाती झाली नाही, पण मागून आवाज आला. तिसऱ्या वर्गातली माणसं पुढारी टेकला म्हणून आपणही टेकत होती, फरशीवर लाकडी बुटांचा नुसता खडखडाट. शरमेने त्याच्या कानशिलांना आग लागली. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

"शाब्बास," मार्की म्हणाला. "पुस्तकवाल्या मंडळींतही संस्कार शिल्लक आहेत तर. बोला, मेत्र तेसिए." वकिलाला मेत्र म्हणायची पद्धत होती.

तेवढ्यात धर्मगुरूंच्या शेवटच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला. फादर मोरेल उभे राहिले होते. पुढच्या बाकावरून बिशपने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"माफ करा, मार्की साहेब, पण गफलत होतेय. माणसापुढे, मग तो राजा का असेना, डावा गुडघा टेकतात. मेत्र तेसिएने उजवा टेकलाय. उजवा देवाचा. आपण फक्त मधे आलात."

सज्जातून कोणी तरी फिसकन हसलं. सिल्वँने खाली पाहिलं. खरंच, उजवा. ज्या देवाची त्याने माडीवर इतकी टिंगल केली, त्याच्याच नावावर सुटका होत होती, आणि ती करत होता त्याचा जन्माचा प्रतिपक्षी. त्याला रडू येईल असं वाटलं.

पण मार्की काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो खुर्चीत मागे रेलला. "उत्तम. देवाचं झालं. आता माझं. डावा टेका, मेत्र."

आता सवयीचं निमित्त उरलं नव्हतं. सिल्वँला कोर्टातली आपली जागा दिसली, लेकी दिसल्या. तो हळूहळू उठला. इतका हळू, की पाहणाऱ्याला वाटावं, डावा आता टेकतोच. घोकलेलं भाषण डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं.

"मार्की साहेब," तो म्हणाला, आणि आवाज चिरकला. "भाषण मी विसरलोय. पण उभ्यानेच विसरलोय. आठवेल तसं उभ्यानेच सांगेन."

त्याने हातातली टोपी डोक्यावर ठेवली. घाईत ती तिरकी बसली.

मागे पुन्हा लाकडी बुटांचा खडखडाट झाला. माणसं निघून चालली, असंच त्याला वाटलं. मग त्याने मान वळवली. ती उठून उभी राहत होती, कोणी शेजाऱ्याच्या खांद्याला धरून, कोणी खांबाला टेकून, आणि एकेक करून टोप्या डोक्यावर चढत होत्या. तेव्हा त्याला मिठावरचा कर आठवला, वेठबिगार आठवली, सगळं आठवलं, आणि तो बोलत सुटला.

दुपारी बाहेर चौकात लोकांनी त्याला मिठ्या मारून मारून बेजार केलं. मार्कीच्या कारभाऱ्याने गर्दीतूनच कोर्टाचं सांगून टाकलं: सोमवारपासून येण्याची तसदी घेऊ नये. पेरीन ते ऐकत उभी होती.

"चुकलं का गं माझं?" त्याने विचारलं.

"घरी चला. घरी सांगते."

इतक्यात गर्दी फाकली. मार्कीच्या बाईसाहेबांची बग्गी येत होती. कुठल्याही बाईने घागरा चिमटीत धरून खाली लवायचं, ही जन्मापासूनची रीत. आजूबाजूच्या बायका लवू लागल्या. पेरीन मात्र ताठ उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिने सिल्वँचा दंड बोटं रुतेपर्यंत आवळला होता.

"घट्ट धरा मला," ती पुटपुटली. "मेलं सवयीने वाकायला होतंय."