पंचांगाची मागची पाने

ग्राउएनाऊच्या वेधशाळेत आकाशाकडे पाहण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. घुमटाखालची दुर्बीण प्रोफेसर फॉन श्ट्रेलेन यांची होती. तळमजल्यावरची उत्तरेची खोली, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागे, ती गणकाची. गणक लेबरेख्त ड्युरिंग त्या खोलीत बसून राज्याच्या पंचांगासाठी ग्रहांची स्थाने काढी, आणि त्यातला एकही ग्रह त्याने दुर्बिणीतून पाहिलेला नव्हता. हिशेबाला डोळे लागत नाहीत, लॉगॅरिथमची कोष्टके लागतात, असे प्रोफेसरांचे मत होते; आणि ड्यूकच्या राज्यात प्रोफेसरांच्या मताला निसर्गनियमाची प्रतिष्ठा होती.

लेबरेख्त ड्यूकच्या कृपेवर शिकला होता. कृपा ही जगातली सर्वांत पक्की बेडी; तिला कुलूप नसते, म्हणून किल्लीही नसते. त्याच्या नेमणुकीच्या आज्ञेत एक कलम होते : सर्व ग्रहांची कोष्टके पूर्ण होईपर्यंत गणकाला सेवा सोडता येणार नाही. शिवाय नेमणूक हंगामी, आणि हंगामी नोकराला लग्नाची परवानगी द्यायची नाही असा दरबारचा दंडक. आज्ञा निघाली तेव्हा हे कलम निरुपद्रवी वाटले होते. ग्रह ही काही दर ऋतूला पिकणारी वस्तू नव्हे, असा तेव्हा साऱ्या युरोपाचा समज होता.

मग मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात एकामागून एक ठिपके सापडू लागले. प्रत्येक ठिपक्याला एका देवीचे नाव मिळे, प्रत्येकासाठी एक नवे चिन्ह काढले जाई, शोधणाऱ्याच्या छातीवर पदक लागे. गणकाला मिळे तो ठिपका. गुरू यातल्या प्रत्येकाला आपल्याकडे ओढी, आणि ती ओढ दर वर्षी नव्याने मोजावी लागे. कोष्टके पूर्ण होण्याच्या बेतात आली, की कुठल्यातरी गावचा कुणीतरी हौशी माणूस आनंदाने ओरडत असे.

"तुझ्यापेक्षा जन्मठेपेचा कैदी बरा," मेख्तिल्ड म्हणे. "त्याची शिक्षा निदान वाढत तरी नाही."

मेख्तिल्ड ही गावातल्या औषधविक्रेत्याची, क्निपिंगची मुलगी. तिचे नि लेबरेख्तचे लग्न ठरून इतका काळ लोटला होता की गावाने त्यावर विनोद करणेही सोडून दिले होते. तिला ग्राउएनाऊ सोडायचे होते. बापाच्या दुकानातला कापराचा वास, खिडकीतून दिसणारी तीच घड्याळाची कमान, तेच दरबारी लोक आणि त्यांच्या त्याच अपचनाच्या तक्रारी, यांतून बाहेर पडायचे होते. त्या वर्षी वाट दिसली. समुद्रकाठच्या विस्मारमधल्या एका शाळेने लेबरेख्तला गणित शिकवायला बोलावले. शरदाच्या सत्रापर्यंत शाळा थांबणार होती. कोष्टकांचे शेवटचे काही ताव उरले होते.

आणि तेव्हाच क्निपिंगला ग्रह सापडला.

रविवारच्या कॉफीला त्याने ही बातमी दिली. बशीतला केक कापायचे सोडून तो सुरी आढ्याकडे रोखून उभा राहिला.

"आपल्या माळ्यावरून! माझ्या स्वतःच्या दुर्बिणीतून! तीन स्वच्छ रात्री पाहिला. सरकतोय, पोरा, सरकतोय! मी त्याचं नावसुद्धा ठरवलंय. एर्मेंगार्डा. आपल्या डचेसबाईंच्या नावावरून."

"अभिनंदन, पापा क्निपिंग," लेबरेख्त म्हणाला. त्याचा आवाज शोकसभेत शोभला असता.

"आणि हे त्याचं चिन्ह." क्निपिंगने कागद पुढे केला. त्यावर खल होता, बत्ता होता आणि दोहोंवर राजमुकुट. "छापखानेवाला म्हणतो, याचा छपाईचा खिळा पाडायला सोनार लागेल. मी म्हटलं, मग बोलाव की सोनार! आता याची कक्षा तूच काढायची. घरचाच ग्रह आहे. माझा जावई माझ्या ग्रहाचं गणित मांडतोय, याहून मोठं सुख कुठलं?"

"जावई व्हायचाय अजून, पापा," मेख्तिल्ड कॉफी ओतत म्हणाली. "तुमचा ग्रह त्याच्या आधी आला."

क्निपिंगला यातला टोमणा कळला नाही. सुखी माणसांना सहसा कळत नाही.

लेबरेख्तपुढे आता इकडे आड, तिकडे विहीर होती. एर्मेंगार्डा ग्रह ठरली, तर कोष्टके अपुरी राहणार आणि विस्मार हातचे जाणार. ठरली नाही, तर क्निपिंगच्या आयुष्यातला एकमेव पराक्रम त्याने स्वतःच्या हाताने पुसल्यासारखे होणार. त्यात प्रोफेसरांनी त्यालाच लेखी मत मागितले. छापखान्याची कुरकुर वाढली होती, पंचांगाची पहिली पाने चिन्हांनी किडामुंगीसारखी भरून गेली होती, आणि ग्रह कशाला म्हणावे याचा एकदा निकाल लागावा असे दरबारालाही वाटू लागले होते.

"लिही, की ग्रह नाही," मेख्तिल्ड म्हणाली. दोघे नदीच्या बांधावर उभे होते. "पापा एक हिवाळाभर फुगून बसतील. तोवर आपण विस्मारला मासे खात असू."

"मी तुझ्यासाठी लिहिलं, असं होता कामा नये. खरं असेल तेच लिहीन."

"मग खरं काय आहे?"

त्याने पुष्कळ विचार केला. "ग्रह नाही," तो म्हणाला.

"बघ! सत्याला आणि मला एकाच गाडीतून जायचंय. रोज जमत नाही असं."

सभा वेधशाळेच्या गोल दालनात भरली. सभा म्हणजे तीन माणसे, एक चिनीमातीची किटली आणि भिंतीवर ड्यूकचे तैलचित्र. आकाशाची पुनर्रचना करायला एवढे पुरेसे मानले गेले.

"सूर्याभोवती फिरतो ना?" क्निपिंगने टेबलावर बोट आपटले. "मग तो ग्रह. आणखी काय हवं? त्याने अर्ज करायला हवा का?"

"धूमकेतूही फिरतो, पापा क्निपिंग," लेबरेख्त म्हणाला.

"त्याला शेपूट असतं!"

"आकाराचं काय?" प्रोफेसरांनी विचारले.

"कोणत्याही दुर्बिणीत बिंबच दिसत नाही, प्रोफेसरसाहेब. नुसता ठिपका. गुरूशेजारी ठेवला तर भोपळ्याशेजारी मोहरी."

"मोहरीसुद्धा मीच विकतो," क्निपिंग गुरगुरला. "आणि मोहरीला कुणी 'ही मोहरी नव्हेच' असं म्हणत नाही."

लेबरेख्तने आपला कागद उलटला. त्याचा स्वर वाचनाचा होता, वादाचा नव्हे. "प्रश्न लहानमोठ्याचा नाही. आठही ग्रह आपापल्या वाटेवर एकटे आहेत. पृथ्वीच्या वाटेवर दुसरी पृथ्वी नाही. हे ठिपके मात्र एकाच गल्लीत गर्दीने राहतात, एकमेकांच्या वाटा ओलांडतात. माझ्या मते, आपल्या वाटेचा जो धनी, तो ग्रह. हे धनी नाहीत, भाडेकरू आहेत."

"म्हणजे शेजारी राहायला आले, की माणूस माणूस राहत नाही?"

"माणूस राहतो. राजा राहत नाही."

प्रोफेसरांना हे फार आवडले. लेबरेख्तला ते तितकेसे आवडले नाही, कारण वाक्य क्निपिंगच्या चेहऱ्यावर जाऊन लागलेले त्याला दिसले. म्हाताऱ्याने खल-बत्त्याचा कागद घडी करून खिशात घातला.

निकाल झाला. पंचांगाच्या पुढच्या पानांवर आठच ग्रह राहतील. बाकीचे सगळे मागच्या पानांवर, चिन्हाविना, नुसत्या क्रमांकाने. प्रोफेसरांनी तिथल्या तिथे कोष्टके पूर्ण झाल्याचा दाखला लिहून सही केली. मग वाळू टाकून शाई टिपता टिपता म्हणाले, "ड्युरिंग, मागच्या पानांचं कोणीतरी पाहायला हवं. मी ड्यूकमहाराजांशी बोललो आहे. लघुग्रहांचा स्वतंत्र विभाग. कायम नेमणूक, तहहयात. आणि कायम म्हणजे लग्नाची परवानगीही आलीच. व्याख्या तुमची, तेव्हा मानही तुमचाच."

"माझं विस्मारला ठरलंय, प्रोफेसरसाहेब."

"जा की. दाखला तुमच्या हातात आहे, कोणी अडवलंय? फक्त एक." ते खिडकीपाशी गेले. "एर्मेंगार्डा संध्याकाळच्या आकाशात खाली उतरली आहे. थोड्याच आठवड्यांत सूर्याच्या तेजात तिला अस्त लागेल. तोवर कक्षा निघाली नाही, तर पलीकडे ती कुठे उगवेल हे कोणालाच कळणार नाही. हरवली म्हणायची."

"मग वेध दुसऱ्या वेधशाळांना कळवा. ते गणित करतील."

"दरबाराने नाव मंजूर करण्याआधी? आणि श्रेय कोणी पटकावलं म्हणजे?"

ग्रह नव्हे असे ठरलेल्या वस्तूच्या श्रेयासाठी एक अख्खे राज्य तोंडाला कुलूप लावून बसले होते. यात विसंगती आहे, हे त्या दालनात फक्त एकाला जाणवत होते, आणि त्या एकालाच ते गणित करायचे होते.

लेबरेख्त क्निपिंगकडे क्षमा मागायला गेला, पण ती मागावी लागली नाही. म्हाताऱ्याचा राग तहहयात नेमणुकीच्या बातमीने वितळून गेला होता. त्याने लेबरेख्तला कवेत घेतले.

"अरे, राजा नाही तर नाही! भाडेकरू तर भाडेकरू! मी शोधत राहीन, तू मांडत राहा. माळ्यावर मी, खाली तू. वरची मागची खोली तुम्हा दोघांना. काय बिशाद आहे कुणी आपल्याला वेगळं करायची!"

दारात उभ्या असलेल्या मेख्तिल्डने हे सगळे ऐकले. ती आत गेली आणि तिच्या खोलीतून पेटी ओढल्याचा आवाज आला.

विस्मारची टपालगाडी बाजारचौकातून सकाळी सुटायची. लेबरेख्त आला, तेव्हा मेख्तिल्ड गाडीपाशी उभी होती. पेटी टपावर बांधून झाली होती. तिने आधी त्याच्या हातांकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे.

"तुझं सामान?"

"एवढी एक कक्षा काढतो. मग लगेच निघतो."

"आणि पुढचा सापडला म्हणजे?"

"पुढचा माझा नाही. हा माझा आहे. मीच त्याला ग्रहांतून काढलं, मेख्तिल्ड. आता हरवूही कसा देऊ?"

"इतर वेधशाळांना वेध पाठव."

"ते राज्याच्या मालकीचे आहेत. मी शपथ घेतली आहे."

"आकाशातून ग्रह काढायची छाती आहे तुला, आणि एक लखोटा टपालात टाकायची नाही?" ती हसली, पण ते हसणे गालांपर्यंतच आले. "बरं, तू नको टाकूस. पापांचे वेध पापांच्या मालकीचे. काल रात्री त्यांच्याकडे मागितले, त्यांनी दिले. म्हणाले, विस्मारला वाचून दाखव सगळ्यांना, बापाची कीर्ती कर. माझ्या पिशवीत आहेत. पहिल्या मुक्कामावरून परराज्यातल्या मोठ्या वेधशाळेकडे रवाना करते. तिथे डझनभर गणक आहेत. तुझी एर्मेंगार्डा हरवत नाही. आता बोल."

दाखला लेबरेख्तच्या खिशात होता. शपथ मोडत नव्हती. म्हातारा रागावलेला नव्हता. ठिपका हरवणार नव्हता. एकेक कडी तिने इतक्या नीटपणे काढून ठेवली होती, की आता दाराला अडवणारे काहीच उरले नव्हते. आणि तो जिथे उभा होता तिथेच उभा होता. गाडीवानाने घोड्यांची तोंडे वळवली.

"ते चूक करतील," अखेर तो म्हणाला. "गुरूची ओढ कोणी नीट धरत नाही. घाई करतात. त्यांचं गणित चुकेल."

मेख्तिल्डने त्याच्याकडे पाहिले. दुकानात एखादे औषध लागू पडणार नाही हे कळल्यावर ती गिऱ्हाइकाकडे पाही, तसे.

"चढतोयस का, लेबरेख्त? एकदाच विचारते."

"चार दिवस दे मला."

"मी थांबायचं काम पुष्कळ केलं. त्यातच म्हातारी झाले असते. मासे एकटीलाही खाता येतात." ती पायरीवर चढली, वाकली आणि त्याच्या गळ्याशी सैल झालेला रुमाल सारखा केला. "जा. उजेड असेतो लिही. डोळे फुटतील तुझे त्या खोलीत."

गाडी कमानीखालून गेली. तो परत आला. दिवा लावून बसला.

त्याने घाई केली नाही. प्रत्येक संख्या दोनदा काढली, गुरूची ओढ पाऊल पाऊल मोजली, प्रोफेसरांच्या निरोपांना उत्तर दिले नाही. तहहयात नेमणुकीचा कागद टेबलाच्या कोपऱ्यावर सहीची वाट पाहत पडला होता. त्याने तो वाचला नाही आणि सरकवलाही नाही.

त्याचे गणित पूर्ण होण्याआधीच मोठ्या वेधशाळेचे छापील पत्रक आले. त्यात नव्या लघुग्रहाची कक्षा होती, क्रमांक होता, आणि शोधक म्हणून ग्राउएनाऊच्या औषधविक्रेत्या क्निपिंगचे नाव होते. प्रोफेसर जिन्यावरून ओरडत खाली आले. दगा कोणी केला, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. लेबरेख्तने त्यांच्या हातून पत्रक घेतले, दार लावले आणि त्यातली प्रत्येक संख्या आपल्या संख्येशी ताडून पाहिली. सकाळची दुपार झाली. गुरूची ओढ त्यांनी नीट धरली होती. त्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

चूक कुठेच नव्हती.