खाली दडवलेली खिडकी

“वहिनी, ही खिडकी सकाळी समोर येते ती येऊ द्या. लपवू नका तिला.” घाऊक औषधवाल्यांकडून आमचा संगणक बसवायला आलेले जगदीशभाऊ चप्पल घालता घालता म्हणाले होते. मी हो हो म्हटलं. कडेवर माझी लेक प्रियल रडत होती, काउंटरवर चार गिऱ्हाइकं ताटकळली होती, आणि मला वाटलं, हा माणूस प्रत्येक दुकानात हेच सांगत असणार.

शहाद्यात आमचं औषधांचं दुकान आहे. सासरे मदनलालजी म्हणजे आमचे बाबूजी, नवरा रिषभ आणि मी. फार्मसीची पदवी माझी, म्हणून भिंतीवरच्या परवान्यावर नावही माझंच, जिनल. जगदीशभाऊंनी बसवलेला प्रोग्राम साधा होता. कोणत्या औषधाचा कोणता बॅच विकायचा थांबवा, याच्या सूचना त्यावर येत. संगणक सुरू केला की तो आपोआप उघडायचा आणि अख्खा स्क्रीन अडवून बसायचा. बिलाचा प्रोग्राम त्याच्या मागे. रोज आधी तो बाजूला करा, मग बिल. सूचना तरी कसल्या? आम्ही कधी ठेवलीच नाहीत अशा इंजेक्शनांच्या.

दिवाळीनंतर एका सकाळी मी वैतागले. त्याच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि ‘रन’समोर ‘नॉर्मल विंडो’ होतं तिथे ‘मिनिमाइज्ड’ निवडलं. अर्ध्या मिनिटाचं काम. दुसऱ्या दिवसापासून प्रोग्राम सुरू व्हायचा तो थेट खालच्या पट्टीत जाऊन, एवढंसं चिन्ह होऊन.

“देखा? बिंदणी पढी-लिखी है,” बाबूजी शेजारच्या कापडवाल्याला सुनेचं कौतुक सांगत होते. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू.

गुरुवारी अकराला लाइट गेली. बॅटरी दोनदा ओरडली आणि संगणक बंद पडला. लाइट आल्यावर घाईत मी बिलाऐवजी भलत्याच चिन्हावर क्लिक केलं, आणि ती खिडकी उघडली.

लाल पट्टी. तारीख सोमवारची. लहान मुलांचं खोकल्याचं औषध, बॅच नंबर. विक्री ताबडतोब थांबवा. विकलेल्या बाटल्या परत घ्या. औषध घेतलेल्या मुलाची लघवी कमी झाली तर लगेच दवाखान्यात न्या.

माझ्या हातात पहिल्यांदा फोन आला तो गिऱ्हाइकांसाठी नाही. घरी तेच औषध होतं. प्रियललाही खोकला होता.

“मम्मीजी, प्रियलची बाटली घ्या. खाली नंबर आहे, तो वाचा.”

“अरे, चश्मा तो लेने दे.”

“लवकर, मम्मीजी.”

छोटीबाई, माझ्या सासूबाई, एकेक आकडा दळण दळल्यासारखा वाचत होत्या. शेवटचे तीन वेगळे निघाले. बॅच दुसरा होता. मला हलकं वाटलं. मग मी वर फळीकडे पाहिलं, आणि त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. बारा बाटल्यांचा खोका होता. त्यात सात उरल्या होत्या.

पाच कुठे गेल्या ते शोधावं लागलं नाही. धडगावच्या शिवाजीची जीप आठवड्यातून दोनदा खाली येते. वरच्या पाड्यांवरची माणसं त्याला दुखणं सांगतात, तो आमच्याकडून औषध घेऊन जातो. दवाखान्याची चिठ्ठी असतेच असं नाही. आम्ही ते चालवून घेत आलो, मीसुद्धा. पूर्वी मी प्रत्येक पुडीवर पेनाने पाड्याचं आणि मुलाचं नाव लिहायचे. मंगळवारी गर्दी होती. शिवाजी म्हणाला, “वैनी, पाचीसले खोकलाच शे, काय नाव लिखतीस?” मी पाचही बाटल्या एका पिशवीत घातल्या आणि वर लिहिलं, ‘खोकला, ५’.

“शिवाजीभाऊ, मंगळवारच्या बाटल्या कोणाकोणाला दिल्या?” मी फोनवर विचारलं.

“का वं वैनी? पैसा कमी पडनात का?”

“त्या बाटल्या खराब आहेत. एक थेंबही कोणाला पाजू देऊ नका.”

पलीकडे जीपचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. “चार घरं मन्हा वळखीना शेतस. जास. आत्ते जास.”

“आणि पाचवी?”

“पाचवी… फुलीबाईनी मांगाडेल व्हती. पन तिन्हा नातू बरा व्हई गया, ती म्हने नको. मंग खाले उतरतांना जीपमा एक बाई बशेल व्हती, तिन्ही पोर खोकली ऱ्हायनी व्हती. मी तिले दिधी.”

“कोण बाई?”

“कालीबाई. तिन्हा दादला जामसिंग. ऊस तोडाले गुजरातले जाई ऱ्हायनात. विसरवाडीले टरक लागस त्यासना.”

“पाडा कोणता? फोन नंबर?”

“मी काय इच्यारस का वैनी, कोन कोठला ते?”

फोनवर ऐकता ऐकता मी लिहून घेतलेली नावं रिषभने वाचली. “घाऊकवाल्यांना कळव, औषध खात्याला कळव. झालं आपलं काम.”

“कळवलंय दोघांना. आपण विसरवाडीला जाऊ.”

“अगं, मंगळवारची गोष्ट आहे. कुठे सापडणार? आणि बाजारात बोभाटा झाला तर?”

बाबूजींनी गल्ल्याची किल्ली खिशात टाकली, भर बाजाराच्या वेळी शटर अर्धं ओढलं आणि रिषभला म्हणाले, “गाडी निकाल. बोभाटा मैं देख लूँगा.”

वाटेत शिवाजीचे फोन येत राहिले. एक बाटली मिळाली, फोडलेलीच नव्हती. दुसरीतले दोन चमचे गेले होते. मुलगा खेळतोय, तरी त्याला धडगावच्या दवाखान्यात नेतो म्हणाला. नंदुरबार ओलांडल्यावर तिसरी. चौथीसाठी तो डोंगर चढत होता आणि रेंज गेली. मी फोन मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. रिषभने दोनदा विचारलं, पाणी पिशील का. मी ऐकलंच नाही म्हणे.

विसरवाडीच्या चौफुलीवर ट्रकांची रांग होती. भज्यांच्या गाडीवरच्या रमिलाबाईंना सगळे ट्रक तोंडपाठ. मी कालीबाईचं नाव घेतलं तर त्या हसल्या. “ताई, या ट्रकांत दहा कालीबाया चढतात अन् वीस जामसिंग.”

“लहान मुलगी होती. खोकत होती.”

त्यांचा झारा थांबला. “लाल टोपीवाली? दीडेक वर्षाची? आयनं इथंच बसून तिला चमच्यानं पाजलं. मीच चमचा दिला धुऊन.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “काल संध्याकाळी गेला तो ट्रक. बारडोलीकडं म्हणत होते. व्याऱ्याकडंही असंल.”

तेवढ्यात शिवाजीचा फोन लागला. चौथी मिळाली होती. मी त्याला बरं म्हणाले की नाही, आठवत नाही.

आज शनिवार. आम्ही व्याऱ्यापर्यंत जाऊन आलो. चार ठिकाणच्या झोपड्या पाहिल्या, ऊसतोडीच्या मुकादमांना नंबर दिले. रिषभ म्हणतो लिहू नकोस, बाबूजी म्हणतात गाव-नावासकट लिही. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही उसाच्या पट्ट्यात राहत असाल, गावाबाहेर तोडकऱ्यांच्या झोपड्या पडल्या असतील, तर उद्यावर टाकू नका. धडगावकडची माणसं कुठे उतरलीत ते विचारा. कालीबाई डोंगरातली पावरी बोली बोलते, मराठी तुटक समजेल. बाटलीची खूण हाताने करून दाखवा, ती समजेल. तपकिरी बाटली, पांढरं झाकण. ती काढून घ्या. तिच्यावर रागावू नका, तिने काही चुकीचं केलेलं नाही. आणि मुलगी निजलेली दिसली तरी परत फिरू नका. तिच्या अंगाखालचं दुपटं हाताने चाचपून पाहा, ओलं आहे का. कोरडं असलं तर तिला उचला आणि सरकारी दवाखान्यात घेऊन जा.