मिश्रीचं व्रत

म्हसावदच्या पेठेत सूरजबाईंच्या किराणा दुकानात एक नवल होतं. ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीवर एक पांढरीशुभ्र मांजर बसायची, आणि तिच्या नाकासमोरून उंदीर गेला तरी ती ढिम्म! मिशीसुद्धा हलवायची नाही. लोक तूरडाळ घ्यायला यायचे आणि मांजराला हात जोडून जायचे. आता बोला!

"बाई वं! मांगला जनमनं पुण्य शे तिन्हं," कळसाडीच्या मीनाबाई दर बाजारी म्हणायच्या. "नई ते मांजर आनि उंदीर सोडी?"

"संगतीचा गुण आहे," सूरजबाई सांगायच्या. "आमच्या जैनांच्या घरात कांदा-लसूण येत नाही. खाईल काय बिचारी? दूध, तूप-पोळी, दह्याची निवळी. जसं अन्न तसं मन."

मिश्री नाव त्यांनीच ठेवलेलं. पण ती त्यांची नव्हतीच मुळी. ती आली होती पाहुणी म्हणून.

त्याचं असं झालं. कुणाच्या सुनेला भिशीचा नाद असतो, कुणाच्या सुनेला टीव्हीचा. सूरजबाईंच्या सुनेला, चांदनीला, मांजरांचा. पेठेत मांजरांचा सुळसुळाट झाला होता. दर मोसमाला कुठल्या तरी गोदामात पिल्लं, आणि त्यातली निम्मी ट्रॅक्टरखाली. शहाद्याचे गुरांचे डॉक्टर योगेंद्र भटक्या मांजरांची नसबंदीची ऑपरेशनं फुकट करत, आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बेवारस पिल्लं सांभाळत. चांदनी त्यांना मांजरं धरून द्यायची. पिंजऱ्यात सुका बोंबील टांगायचा, वर पोतं टाकायचं आणि लांब जाऊन बसायचं.

"एखाद्या जीवाचं आईपण कापायचं, हे पाप नाही का गं?" सूरजबाई म्हणाल्या होत्या.

"मम्मीजी, पिल्लं चाकाखाली मरतात, ते पुण्य का?"

बोंबील मात्र गोदामाच्या भिंतीपलीकडेच राहील, असं सूरजबाईंनी बजावलं.

एकदा पिंजऱ्यात एक करडी मांजरी सापडली. तिच्या आचळांत दूध होतं. चांदनीने सगळं गोदाम उलथंपालथं केलं तेव्हा रिकाम्या बारदानात तिची पिल्लं मिळाली, त्यातलं एकच, पांढरंशुभ्र, जगलं. ते खायला लागेपर्यंत डॉक्टरांनी मायलेकींना शेडमध्ये ठेवलं. मग आईचं ऑपरेशन केलं, खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलं आणि तिला परत पेठेत सोडलं. पेठेने तिला कानकाटी म्हणायला सुरुवात केली. पिल्लू चांगलं घर मिळेपर्यंत चांदनीने सांभाळायचं, असं ठरलं.

सांभाळायचं म्हणजे खाऊ घालायचं, आणि तिथेच घोडं अडलं. डॉक्टरांनी मांजरांच्या खाण्याची पाकिटं दिली होती. त्यावर मासळीचं चित्र. सूरजबाईंनी नाकाला पदर लावला. शेवटी मागच्या पत्र्याखाली, घराबाहेर, चांदनीने स्वतः घालायचं, यावर तडजोड झाली.

मग चांदनीला दिवस गेले आणि ती राजस्थानात बालोतऱ्याला माहेरी निघाली. निघताना सासूचे हात धरून म्हणाली, "मम्मीजी, मला ठाऊक आहे तुम्हाला किळस येते. जामसिंगला घालायला सांगा. पण चुकवू नका. दुधावर मांजर जगत नाही."

"जा बींदणी, निवांत जा. मी आहे ना!" सूरजबाई म्हणाल्या. आपल्या सुनेला त्या बींदणीच म्हणत.

जामसिंग म्हणजे गोदामातला हमाल. पहिल्या दिवशी त्याने पाकीट फोडलं. पिल्लू त्या वाटीवर असं तुटून पडलं, की सूरजबाईंना कसंसंच झालं. इवलासा जीव, आपल्या मांडीवर झोपतो, आणि हे खातो? आपल्या दारात आलेल्या जीवाला आपण हे शिकवायचं? दुसऱ्या दिवशी त्यांनी जामसिंगला सांगितलं, "हे भिंतीपलीकडे टाक, कानकाटीला आणि बाकीच्यांना. मिश्रीचं मी बघते."

त्यांनी बघितलंही हो! साय काढून ठेवली, पनीर कुस्करलं, मुगाच्या डाळीत तूप सोडलं. मिश्री आठवडाभर रुसली, मग भूक लागल्यावर खाऊ लागली. अंगावर तकाकी होती. सूरजबाईंना वाटलं, जिंकलो.

फोनवर चांदनी विचारायची, "पाकीट देता ना?"

"रोज एक फुटतं," सूरजबाई म्हणायच्या. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातली गत. रोज सामायिकाला, दोन घटका ध्यानाला, बसणारी बाई, आपण खोटं बोललो नाही एवढ्यावरच समाधानी होती.

मध्ये नंदुरबारहून एक मास्तरीण मिश्रीला न्यायला आली. डॉक्टरांनीच पाठवलेली. बाई गोड, टोपलीत मऊ दुलईसुद्धा घालून आणलेली. सूरजबाईंनी चहा दिला आणि सहज विचारलं, "तुमच्यात मच्छी खातात का?" ती हसून हो म्हणाली. "मग नाही जमायचं बाई," सूरजबाई म्हणाल्या, "आमची मिश्री तसली नाही." मास्तरीण रिकामी टोपली घेऊन बसमध्ये बसली.

चांदनीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं. म्हणून तिचा मुक्काम लांबला. एका दिवाळीला गेलेली सून पुढची दिवाळी तोंडावर आली तेव्हा घरी परतली. बाळासाठी सागवानी पाळणा आला. तो माजघराच्या मधोमध, मिश्रीच्या नेहमीच्या वाटेवर ठेवला. बाळ पाहायला बायका जमल्या होत्या. मीनाबाईही होत्या. सूरजबाईंनी कौतुकाने हाक मारली, "मिश्री, ये! बघ कोण आलंय."

मिश्री स्वयंपाकघरातून ऐटीत आली, आणि सरळ पाळण्याच्या पायावर आदळली. मागे सरली. पुन्हा आली, पुन्हा आदळली.

बायका हसल्या. चांदनी हसली नाही. बाळाला सासूच्या हातात देऊन ती खाली बसली. मिश्रीच्या डोळ्यांसमोर तिने हात हलवला. दारातून भरदुपारचं ऊन येत होतं, तरी मिश्रीची बुबुळं अंधारात असावीत तशी मोठी आणि काळीभोर होती.

"मम्मीजी, हिला काय खायला घातलंत?"

सूरजबाईंनी बाळाला उराशी धरलं.

शहाद्याला डॉक्टर योगेंद्रांनी बॅटरी लावून डोळे पाहिले. कुणावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मांसात जे सत्त्व असतं ते दुधातुपात नसतं, मावशी," ते म्हणाले. "त्याविना मांजराचा डोळा आतून वाळत जातो. काळीजसुद्धा थकतं. आता नीट खाणं सुरू केलं तर काळीज सावरेल. दृष्टी मात्र गेली ती गेली."

"मग ती उंदीर का धरत नव्हती..."

"दिसला तर धरेल ना!"

परतीच्या वाटेवर सूरजबाईंच्या डोळ्यांपुढे मिश्रीला हात जोडून उभी असलेली माणसं येत होती. संवत्सरीला त्यांनी घरोघरी जाऊन क्षमा मागितली होती. कळत नकळत कुणाचं मन दुखवलं असेल तर, म्हणून. गंमत म्हणून मिश्रीच्याही डोक्यावर हात ठेवून 'मिच्छामी दुक्कडं' म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. आता तेच शब्द ओठांवर येईनात. मुंगी मरू नये म्हणून जन्मभर खाली बघून चाललो आणि मांडीवरचा जीव आंधळा केला. जामसिंगच्या घरी असती तरी बरी राहिली असती. त्या मास्तरणीच्या घरी तर राणी झाली असती.

घरी आल्यावर चांदनी पाकीट घ्यायला उठली. बाळ रडत होतं. "तू बस," सूरजबाई म्हणाल्या. "मी घालते."

मागच्या पत्र्याखाली त्या उकिडव्या बसल्या. पाकीट फोडलं. वास आला, पण आज पदर नाकाला गेला नाही. त्यांनी स्वतःच्या बोटांनी वाटीत ओतलं. मिश्रीने मान वर केली, वाटी शोधताना त्यांच्या हातावरच तोंड आपटलं, आणि ती खाऊ लागली. पहिल्या दिवशीसारखीच, तुटून पडून.

"इतकी भूक होती का गं तुला?" सूरजबाईंना रडू फुटलं. "आणि वर्षभर बोलली नाहीस?"

वाटी चाटूनपुसून झाली. सूर्य मावळायला आला होता; त्याआधी त्यांचं स्वतःचं जेवण व्हायचं होतं, ते त्या विसरल्या. तेवढ्यात भिंतीवरून कानकाटी उतरली. तोंडात जिवंत उंदीर. अधूनमधून ती असं काही आणायची, लेकीपुढे टाकायची, लेक बसून राहायची आणि सूरजबाई धन्य व्हायच्या.

कानकाटीने उंदीर टाकला. आजचा मात्र चिरकला. मिश्रीचे कान त्या बाजूला वळले, अंग दबलं, शेपटीचं टोक थरथरलं, आणि तिने झेप घेतली. उंदीर हातभर अंतरावर होता. मिश्री भिंतीवर आपटली, उठली, पंजाने रिकामी फरशी चाचपू लागली. इकडे चाचपली, तिकडे चाचपली.

कानकाटीने उंदराला पुन्हा पकडलं आणि लेकीच्या अगदी पुढ्यात आणून सोडलं. मिश्री पुन्हा झेपावली. पुन्हा फरशीच.

सूरजबाई गुडघ्यांवर रांगत पुढे सरकल्या. हात भिंतीसारखा आडवा धरून त्यांनी उंदराची वाट अडवली.

"इकडे, इकडे आहे," त्या म्हणत होत्या. "पकड गं बाई. पकड."