रुळांवर अडकलेली खाणावळ

मी खाणावळ बोलतेय. हो, हो, खाणावळच, दचकू नका. माणसं एका घरातून दुसऱ्या घरात जातात. मी मात्र स्वतःच सहा मैल चालत आलेय, तेही चूल पेटती ठेवून. नेब्रास्काच्या माळावर असा पराक्रम केलेली दुसरी खाणावळ असेल तर दाखवा मला.

माझा जन्म विलोबेंडचा. नदीकाठच्या ओल्या लाकडाच्या फळ्या ठोकून मला उभं केलं. फळ्या सुकल्या तशा वाकल्या, म्हणून माझी एक खिडकी जन्मापासून तिरळी आहे. मालकीण कॉर्डेलिया स्ट्राउट. नवरा गेल्यावर बाईंनी एकटीने मला चालवलं. टपालाची घोडागाडी दारात थांबायची, उतारू धूळ झटकत आत यायचे आणि काकवीतला घेवडा, मक्याचा पाव, खारवलेलं मांस यांवर तुटून पडायचे. वाट्टेल तेवढं खा, पण ताटात टाकू नका, हा बाईंचा दंडक.

मग रेल्वे येणार म्हणून गाव नाचायला लागलं. कंपनीचा माणूस आला आणि स्टेशनासाठी फुकट जागा मागू लागला. आमचे गावकरी पडले शहाणे! रेल्वेला आपल्यावाचून गत्यंतर नाही असं समजून अडून बसले. कंपनीने हूं की चूं केलं नाही. रूळ सहा मैल दक्षिणेला टाकले आणि तिथे टॅलमन नावाचं नवं गाव आखलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

पण आमची माणसं रडत बसणाऱ्यांतली नव्हेत. रेल्वे गावाकडे येत नाही ना, मग गावच उचलून रेल्वेकडे नेऊ. आधी न्हाव्याचं दुकान गेलं, मग किराण्याचं, मग चर्च. सगळं ओंडक्यांवर चढवून, बैल जुंपून. शेवटी माझी पाळी आली. बैल हॅल्वरचे. हा नॉर्वेहून आलेला गाडीवान माणसांशी मोजकं बोलायचा, बैलांशी मात्र दिवसभर गप्पा. चूल विझवायला बाईंनी साफ नकार दिला. ओढणारे लोक दुपारी जेवणार कुठे, म्हणाल्या. वर धुराड्यातून धूर, खाली ओंडके गडगडतायत आणि मी चाललेय! काय सांगू तुम्हाला, हरखून गेले होते मी.

बाईंना मात्र एकच घोर लागला होता. दुपारची आगगाडी टॅलमनला टपालाची थैली फेकायची आणि तशीच पुढे पळायची. उतारूंना जेवण मिळायचं पुढच्या गावी, कंपनीच्या स्वतःच्या जेवणघरात. गाडी थांबली नाही, तर आम्हा दोघींना कुत्रंही विचारणार नव्हतं.

आम्हाला मिळालेली जागा रुळांच्या पलीकडे होती. मी अर्धी पार झाले आणि एक ओंडका रुळांच्या मधे रुतला. बैल टेकीला आले, मी तसूभर हलेना. तेवढ्यात पश्चिमेकडून शिट्टी ऐकू आली. हॅल्वर बाईंच्या मेजावरचं लाल कापड ओढून घेऊन रुळांवरून धावत सुटला. मी तर आशाच सोडली होती. इंजिन माझ्या तिरळ्या खिडकीपासून हातभरावर येऊन थांबलं.

ती निघाली निवडणुकीची खास गाडी. आत लोरिंग बॅस्कम, रेल्वे कंपनीचे वकील आणि गव्हर्नरपदाचे उमेदवार. गाडी थांबली, गलका ऐकू आला, म्हणजे लोक आपल्यासाठीच जमलेत असं समजून साहेब रिवाजाप्रमाणे शेवटच्या डब्याच्या सज्जात आले आणि हॅट उंचावून भाषणाला सुरुवात केली. ऐकायला एक गाय होती. गाव सगळं पुढे, माझ्याभोवती.

कुणीतरी सांगितल्यावर साहेब तणतणत पुढे आले. हे खोकं ताबडतोब हटवा म्हणाले. खोकं! गावकरी दोराला हात घालायला धावले, तोच बाई पिठाचे हात पुसत उंबऱ्यावर आल्या.

"हॅल्वर, बैल सोड."

हॅल्वरने निमूटपणे जू उतरवलं. दुपारची गाडी रोज इथे जेवणासाठी थांबेल असं साहेबांनी सगळ्यांदेखत सांगावं, मगच घर हलेल, असं बाईंनी बजावलं. साहेब हसले.

"बाई, हा कंपनीचा कारभार आहे. आणि तुम्हाला तर मतही नाही."

"मला नाही," बाई म्हणाल्या. "पण माझ्या हातचं जेवतात त्या सगळ्यांना आहे. त्यांनाच विचारा."

न्हाव्याने हातातला दोर खाली टाकला. मग दुकानदाराने. मग पाद्रीबुवांनीसुद्धा! साहेबांनी गर्दीवरून नजर फिरवली, घसा खाकरला आणि जणू आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखं खणखणीत आवाजात वचन दिलं. मग काय विचारता! साहेबांसोबतचे रेशमी हॅटवालेसुद्धा दोराला लागले आणि एका हिसक्यात मी पलीकडे पोचले.

पण उमेदवाराचं वचन ते. दुसऱ्या दिवशी सूप उकळत होतं, मेजं मांडलेली होती आणि बाई सारख्या खिडकीशी जात होत्या. शिट्टी झाली. गाडी आली तशीच धाडधाड येत राहिली. आणि मग चाकं करकरली, वेग मंदावला, गाडी माझ्या दारात उभी राहिली! उतारू भराभर खाली उतरले. होणाऱ्या गव्हर्नरशी भांडलेल्या आमच्या बाई स्वयंपाकघरात ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हमसून हमसून रडत होत्या. पहिलं सूप हॅल्वरनेच वाढलं.

आता माझा रंग उडालाय, इंजिनाच्या धुराने छप्पर काळवंडलंय. बाईही थकल्यात, पण वाढायला स्वतःच उभ्या असतात. कधी इकडून जात असाल तर डब्यात बसून राहू नका, खाली उतरा, पोटभर जेवा. बाईंना मताचा हक्क अजूनही मिळालेला नाही. गाडी मात्र रोज थांबते.